जुन्या गाडीची ब्रेक पॅड्स कमीजास्त झिजत असतील तर नेमकं काय बघायचं

आधीच एक विनंती, जुनी पॅड्स काढल्या काढल्या कचऱ्यात टाकू नका. चाक खोललं की प्रत्येक पॅडच्या मागच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा, डावं आतलं, डावं बाहेरचं, उजवं आतलं, उजवं बाहेरचं, आणि वरचं टोक कुठलं तिथे बाण काढा. कारण पॅड कसं झिजलंय त्यावरून बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा समजतं, आणि ही पॅड्स एकदा एकमेकांत मिसळली की मग नुसते अंदाज बांधत बसावं लागतं.

हे मी एवढं कळकळीने सांगतोय कारण माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचं हेच झालं होतं. आवाज यायला लागला म्हणून गाडी दाखवली, नवीन पॅड्स टाकून मिळाली, बरं वाटलं, आणि काही महिन्यांत परत तीच करकर. शेवटी चाक स्वतः काढलं तर बाहेरचं पॅड जवळजवळ नव्यासारखं आणि आतलं पार पत्र्यापर्यंत गेलेलं, डिस्कच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीच्या, आतल्या बाजूला बोट फिरवलं तर चरे नखाला लागत होते. म्हणजे पॅड्स बदलली होती पण ती तशी का झिजली हे कुणी बघितलंच नव्हतं. ब्रेकच्या बाबतीत हे चालत नाही हो, एका चाकाचा ब्रेक नीट धरत नसेल तर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी कुठल्या बाजूला जाईल याचा भरवसा नसतो.

आता थोडं आतलं काम समजून घेऊ, ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. बहुतेक जुन्या गाड्यांना पुढे सरकता कॅलिपर असतो, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड्सने धरणारा चिमटा, त्यात पिस्टन एकाच बाजूला, आतल्या बाजूला. पेडल दाबलं की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो, आणि ते पॅड डिस्कला टेकलं की अख्खा कॅलिपरच उलट दिशेने सरकतो आणि बाहेरचं पॅड ओढून डिस्कवर आणतो. हा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, पिना ब्रॅकेटच्या, म्हणजे कॅलिपर धरून ठेवणाऱ्या पक्क्या चौकटीच्या, भोकात असतात आणि त्यांच्यावर रबरी बूट असतात. पॅडच्या दोन्ही टोकांना जे कान असतात ते ब्रॅकेटच्या खाचेत सरकतात, तिथे पातळ स्टीलच्या क्लिपा असतात. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे ओढायला स्प्रिंग वगैरे काही नसते, पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं रबरी सील दाब असताना जरासं पिळलं जातं आणि दाब गेला की परत सरळ होताना पिस्टनला किंचित मागे घेतं, मिलिमीटरच्या छोट्याशा भागाएवढंच. म्हणजे पिना, पॅडचे कान, पिस्टन आणि त्याचं सील, यातलं एक जरी अडकलं तरी पॅड्स सारखी झिजणार नाहीत. जुन्या गाडीत गंज, सुकलेलं ग्रीस, कडक झालेलं रबर हे सगळं जोडीनेच येतं, त्यामुळे एक कारण सापडलं म्हणून तिथेच थांबू नका.

कामाला लागण्याआधी सुरक्षेचं दोन मिनिटं ऐका. गाडी सपाट आणि कडक जमिनीवर, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे, चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करून घ्या, आणि जॅकने उचलल्यावर खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालायचा नाही, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीजवळ काम करू नका म्हणजे नकाच. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे घासणाऱ्या मालात, ॲस्बेस्टॉस हा फुफ्फुसांना घातक तंतू असू शकतो, ब्रेक क्लीनर मारून ओल्या कापडाने पुसा आणि मास्क लावा.

चाक काढायच्या आधीच एक चाचणी करून घ्या. गाडी उचलली की न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. पॅडचा हलका घासल्याचा आवाज चालतो, ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते ती जराशी जड फिरतात तेही चालतं, पण डावं आणि उजवं यात फरक जाणवला तर तो लक्षात ठेवा. मग कुणाला तरी पेडल दोनतीनदा दाबून सोडायला सांगा आणि लगेच चाक परत फिरवा. आता आधीपेक्षा बरंच जड झालं असेल तर ब्रेक सुटत नाहीये. ही चाचणी खोलाखोली करण्याआधीच का, तर एकदा पिस्टन मागे ढकलला की हा पुरावा गेला.

मग मोजमाप. व्हर्नियर (जाडी अचूक मोजायचं साधन) असेल तर उत्तम, नाहीतर साधी पट्टीही चालेल. फक्त घासणाऱ्या मालाची जाडी मोजायची, मागचा पत्रा धरायचा नाही, आणि प्रत्येक पॅड दोन्ही टोकांना मोजायचं, म्हणजे एका ॲक्सलचे, डावं-उजवं मिळून चार पॅड्सचे, आठ आकडे झाले. ते कागदावर लिहा. नवीन पॅडवर साधारण १० ते १२ मिमी माल असतो आणि ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचं, त्याची वाट बघत पत्र्यापर्यंत जायचं नाही. आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त झिजतं, एखाद मिलिमीटरचा फरक बघून घाबरू नका. २ मिमीच्या पुढे फरक गेला की मात्र शोधाशोध करायचीच.

आठ आकडे समोर आले की ते असे वाचायचे.

आतलं पॅड संपलंय आणि बाहेरचं जाड आहे, हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. एकतर कॅलिपर पिनांवर सरकत नाहीये त्यामुळे बाहेरचं पॅड काम करतच नाही आणि सगळा भार आतल्यावर, नाहीतर पिस्टन मागे येत नाही म्हणून आतलं पॅड सतत डिस्कला चिकटून. उलट झालं असेल, बाहेरचं संपलंय आणि आतलं जाड, तर कॅलिपर आत सरकतोय पण परत जात नाहीये किंवा बाहेरचं पॅड ब्रॅकेटच्या खाचेत अडकलंय. हा प्रकार कमी दिसतो, दिसला की आधी पिना बघा.

पॅड पाचरीसारखं झिजलंय, एका टोकाला ७ मिमी आणि दुसऱ्या टोकाला ३, तर दोनपैकी एकच पिन अडकलेली असते किंवा पॅडचा एकच कान जाम असतो. डिस्क फिरत फिरत ज्या टोकाकडून पॅडखाली शिरते ते टोक थोडंसं जास्त झिजणं नेहमीचं आहे, पण नुसत्या डोळ्यांना पाचर दिसायला लागली की ते नेहमीचं राहिलं नाही.

आणि एका चाकाची दोन्ही पॅड्स संपलीत, दुसऱ्या चाकाची दोन्ही जाड, इथे बरेच जण फसतात. सगळे संपलेल्या बाजूचा कॅलिपर खोलून बसतात. तो अडकलेला असू शकतो, हो, पण कधीकधी दोष जाड पॅड असलेल्या बाजूचा असतो, तिकडचा पिस्टन पुढेच येत नाही, तो ब्रेक लागतच नाही आणि दुसरं चाक दोघांचं काम करतं. ओळखायचं असं, गाडी नुसती चालवताना एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाहीये, आणि फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते तिथला ब्रेक धरतोय, समोरच्या बाजूचा कमी पडतोय. टायरची हवा आधी सारखी करून मग बघा नाहीतर उगाच चकवा लागतो.

आता पिना, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण जुन्या गाडीत निम्मं दुखणं इथेच निघतं असा माझा अनुभव आहे. कॅलिपरचे बोल्ट काढले की कॅलिपर उचलून तारेच्या हुकने वर अडकवा, रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका. मग बूट धरून पिना एकेक करून बाहेर ओढा. नीट असलेली पिन दोन बोटांनी ओढली तरी येते. आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्ही पिना बऱ्याचदा सारख्या नसतात, एक साधी गुळगुळीत आणि दुसरीच्या टोकाला छोटी रबरी नळी बसवलेली असते, कुठली वरच्या भोकातली आणि कुठली खालची ते फोटो काढून ठेवा, अदलाबदल झाली की परत तेच दुखणं सुरू.

माझ्या गाडीत खालची पिन निघता निघत नव्हती, पाना लावून डावीउजवीकडे हळूहळू फिरवत शेवटी बाहेर आली तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा फट्ट आवाज आला. टोकाची ती रबरी नळी फुगून दीडपट झालेली, बोटाने दाबली तर मऊ आणि चिकट, आणि तिच्यावर पिवळट रंगाचं साधं ग्रीस. तेच कारण होतं. चेसिसला किंवा बेअरिंगला लावतात ते पेट्रोलियमचं ग्रीस ब्रेकच्या रबराला चालत नाही, रबर फुगतं आणि पिन भोकात गच्च बसते. कुणीतरी चांगल्या हेतूनेच लावलं असणार, जाम होऊ नये म्हणून, आणि जाम झालं ते त्यामुळेच. पिनांना फक्त सिलिकॉनचं किंवा डब्यावर ब्रेकच्या रबरासाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं सिंथेटिक ग्रीस लावायचं. तांब्याची पूड असलेलं अँटीसीझ (बोल्ट जाम होऊ नयेत म्हणून लावतात ते) सुद्धा पिनांवर नको.

साफसफाई करताना पिन चकचकीत पुसायची आणि भोकही, भोक सगळे विसरतात. ब्रेक क्लीनर मारून बारीक ब्रश नाहीतर कापडाची सुरळी आत फिरवत राहा, कापड स्वच्छ येईपर्यंत. पिनेवर गंजाचे खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारून वेळ मारून नेऊ नका, पिना आणि बूटांचं किट मिळतं ते टाका. बूट फाटला असेल तर पाणी आत जाणार आणि सगळी मेहनत फुकट, म्हणून बूट बदलायचाच. ग्रीसचा थर पातळ ठेवा, भोक भरून टाकू नका, कारण जास्तीचं ग्रीस आणि अडकलेली हवा पिनेला स्प्रिंगसारखी परत बाहेर ढकलते. पिन आत घाला, बूट बसण्याआधी त्याची कड जरा उचलून हवा जाऊ द्या, मग पिन आतबाहेर करून बघा, बोटाच्या जोराने सरकली पाहिजे आणि जिथे सोडाल तिथेच थांबली पाहिजे. पिन अजिबातच निघत नसेल तर ब्रॅकेट काढून व्हाइसमध्ये धरा, गंज सोडवणारं तेल टाकून वेळ द्या, आणि उष्णता द्यायचीच झाली तर रबर, कॅलिपर आणि ब्रेक ऑइल सगळं लांब करून मगच.

पिना झाल्या की ब्रॅकेटच्या खाचा. वरून बघितलं तर स्टीलच्या क्लिपा छान दिसतात, गंज त्यांच्या खाली असतो. तो फुगतो, क्लिप वर उचलली जाते, खाच अरुंद होते आणि पॅडचा कान आवळला जातो. म्हणून क्लिप काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने आणि हलक्या हाताने कानशीने साफ करायचा, मूळ लोखंड खायचं नाही. शक्यतो क्लिपा नवीन टाका. मग पॅड खाचेत ठेवून बोटाने सरकवा, अजिबात न ठोकता सरकलं पाहिजे. नवीन पॅडच्या कानांवर कधी रंगाचा जाड थर असतो तेवढा घासून काढायला हरकत नाही, पण हातोडीने ठोकून बसवलेलं पॅड कधीच परत मागे येत नाही हे लक्षात असू द्या.

पिस्टन बघायचा तर जुनं पॅड मध्ये ठेवून सी क्लँपने हळूहळू मागे दाबा. ब्लीडिंगचं निपल (कॅलिपरवरचा ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) उघडून त्याला नळी लावली आणि जुनं ऑइल बाटलीत घेतलं तर कॅलिपरमधली घाण वर मास्टर सिलेंडरकडे (पेडलने ऑइलला दाब देणारा भाग) किंवा एबीएसमध्ये (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) जात नाही, निपल मात्र दाब सोडायच्या आधी बंद करा. पिस्टन एकसारख्या जोराने गेला तर ठीक, अडकत अडकत, झटके देत गेला किंवा खूपच जोर लागला तर आत गंज आहे. भोवतीचा बूट उचलून बघा, आत ओलसर तपकिरी चिखल दिसला तर उत्तर मिळालंच. सील किट टाकून कॅलिपर दुरुस्त होतो पण पिस्टनच्या चकचकीत थराला खड्डे पडले असतील तर नुसतं सील बदलून उपयोग नाही, पिस्टन नाहीतर अख्खा कॅलिपर बदला. वाऱ्याच्या दाबाने पिस्टन बाहेर काढणार असाल तर समोर लाकडाचा तुकडा ठेवा आणि बोटं लांब, तो गोळीसारखा येतो.

मागच्या चाकांना डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन दाबून जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो, क्लँप लावून जोर केलात तर आतली यंत्रणा मोडेल. शिवाय पिस्टनच्या तोंडावर खाच असते आणि पॅडच्या मागे छोटं बोंड, ते बोंड खाचेत बसलं नाही तर पॅड तिरकं राहतं आणि पाचरीसारखं झिजतं. हँडब्रेक सोडल्यावर कॅलिपरवरचा लिव्हर पूर्ण मागे येतो का तेही बघा, केबल आतून गंजली की येत नाही.

पिना सुटसुटीत, पिस्टन मोकळा, तरी चाक आवळलेलं राहतंय तर रबरी पाइपवर संशय घ्या. बाहेरून धडधाकट दिसतो पण आतून सुजलेला किंवा पापुद्रा सुटलेला असतो, पायाच्या जोराने ऑइल कॅलिपरकडे जातं, परत यायला मात्र तेवढा जोर नसतो. चाक आवळलेलं असताना निपल जरासं उघडा. ऑइल उडून चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकला होता. नाही झालं तर बिघाड कॅलिपरमध्येच, पिस्टन किंवा पिना. दाब अडकतोय हे कळल्यावर ब्रेक परत लावून सोडा आणि पाइपच्या वरच्या टोकाचा, धातूच्या नळीकडचा जोड सैल करा, तरीही चाक आवळलेलंच राहिलं तर पाइप बदला, मोकळं झालं तर दोष त्याच्याही वर आहे. दोन्ही बाजूंची चाकं एकदम आवळत असतील तर मास्टर सिलेंडर आणि पेडलच्या दांड्याचा मोकळा खेळ बघायचा, तिथे खेळच नसेल तर ऑइलला परत टाकीत जायची वाट मिळत नाही.

डिस्कवर फार लिहीत नाही. दोन्ही बाजू बघा, आतली बाजू बाहेरून दिसत नाही आणि खराब तीच जास्त असते. जाडी चारपाच ठिकाणी मोजा, कमीत कमी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, त्याखाली गेली की बदला, आणि बदलायची तर दोन्ही चाकांची. नवीन डिस्क बसवताना हबच्या, म्हणजे डिस्क जिच्यावर बसते त्या मधल्या तबकडीच्या, तोंडावरचा गंज साफ करा, तिथे गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क डगमगते.

जोडताना पॅड्स नेहमी दोन्ही चाकांची एकदम नवीन टाका, एकाच बाजूची कधी नाही. घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला ग्रीसचा बोटसुद्धा लागू देऊ नका. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळा. रबरी पाइप पिळलेला नाही ना ते बघा. निपल किंवा जोड उघडला असेल तर ब्रेक ऑइलमधली हवा काढून घ्या. ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय त्याच प्रकारचं, डॉट ३ किंवा डॉट ४, सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, डॉट ४ चा उकळबिंदू नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो आणि पाणी शोषल्यावरची मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, आणि तेच पाणी कॅलिपरच्या आत गंज धरवतं. म्हणून साधारण दर २ वर्षांनी ते बदललेलं चांगलं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

आणि गाडी सुरू करून हलवायच्या आधी पेडल दाबत राहा, कडक लागेपर्यंत. पिस्टन मागे गेलेले असतात त्यामुळे पहिली दोनचार वेळा पेडल थेट खाली जातं, हे विसरून गाडी बाहेर काढली तर ब्रेकच नसतो.

मग नवीन पॅड्स डिस्कवर नीट बसावीत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किमीवरून २० पर्यंत मध्यम दाबाने ८-१० वेळा वेग कमी करा, मध्ये थंड व्हायला वेळ द्या आणि गरम असताना पेडल दाबून उभे राहू नका. ब्रेक गार झाले की कमीत कमी ब्रेक वापरत थोडं अंतर चालवून या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही डिस्कचं तापमान बघा, एक बाजू बरीच जास्त तापलेली असेल तर ती अजून अडकतेय. थर्मामीटर नसेल तर चाकाजवळ हात नेऊन बघा, डिस्कला हात लावू नका. हजारभर किलोमीटर झाले की एकदा चाक काढून तेच आठ आकडे परत मोजा आणि पहिल्या कागदाच्या शेजारी लिहा.